ऑल-व्हील ड्राइव्ह गाडी डायनोवर: आकड्यावर विसंबायचं असेल तर

नवा इनटेक (इंजिनला हवा पुरवणारा भाग) बसवला आणि डायनोवर, म्हणजे चाकांवरची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, सहा हॉर्सपॉवर वाढले. गाडी खाली घेतली, तासाभराने काहीही न बदलता पुन्हा रोलरवर बांधली, तर त्यातले पाच गायब. इनटेक तोच, पेट्रोल तेच, ट्यूनर तोच. मग ते सहा होते कुणाचे? बहुतेक वेळा गाडी बांधायच्या पट्ट्यांचे, टायरचे आणि गरम इंटरकूलरचे (टर्बोने दाबलेली हवा गार करणारा भाग).

दोन चाकं चालवणाऱ्या गाडीतही हा घोळ असतो, पण ऑल-व्हील ड्राइव्हमध्ये तो वाढतो. रस्ता धरणारे टायर चार, डिफरन्शियल (चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) दोन किंवा तीन, मध्ये पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारी ट्रान्स्फर केस नाहीतर क्लच पॅक, आणि या सगळ्यांवर नजर ठेवून बसलेला कंट्रोलर. प्रत्येक जण आकड्यात थोडा हात घालतो. म्हणून आधी मोजणीची स्वतःची डगमग किती आहे ते मोजायचं आणि मगच मॉडिफिकेशनने काय दिलं ते बघायचं. हा क्रम उलटा केला की पैसे भलत्याच पार्टवर जातात.

डायनो कोणता आहे ते आधी विचारा

ढोबळपणे तीन प्रकार भेटतात. इनर्शिया डायनोत जड ड्रम असतो. गाडी तो किती झपाट्याने फिरवते यावरून ताकद काढली जाते. लोड डायनोत रोलरला एडी करंट ब्रेक (चुंबकाने चालणारा ब्रेक) जोडलेला असतो, त्यामुळे हवा तेवढा भार देता येतो आणि एका आरपीएमवर गाडी धरूनही ठेवता येते. हब डायनोत चाकं काढून थेट हबला युनिट जोडतात. टायर मधून गेला की टायरची घसरण, हवा, पट्ट्यांचा ताण ही सगळी कटकटही जाते. निवडीला वाव असेल आणि गाडीत ताकद भरपूर असेल, तर मी हब डायनो घेईन.

हे तीन प्रकार एकाच गाडीचे वेगवेगळे आकडे देतात, आणि त्यात कुणी खोटं बोलत असतं असं नाही. चूक होते ती एका डायनोवरचा 'आधी'चा आकडा दुसऱ्या डायनोवरच्या 'नंतर'च्या आकड्याशेजारी ठेवला की.

ऑल-व्हील ड्राइव्हसाठी आणखी एक प्रश्न विचारायचा: पुढचे आणि मागचे रोलर एकमेकांना जोडलेले आहेत का? काही ठिकाणी ते शाफ्टने किंवा बेल्टने जोडलेले असतात, काही ठिकाणी इलेक्ट्रॉनिक पद्धतीने दोन्हींचा वेग सारखा राखतात, आणि काही ठिकाणी दोन्ही मोकळे असतात. मोकळ्या रोलरवर पुढची चाकं एका वेगाने आणि मागची दुसऱ्या वेगाने फिरू शकतात. रस्त्यावर एवढा फरक मुख्यतः चाक घसरल्यावरच पडतो, त्यामुळे गाडीचा कंट्रोलरही तेच समजतो.

ऑपरेटरने सॉफ्टवेअर चार चाकांच्या मोडमध्ये ठेवलंय का, हेही विचारून घ्या. वेग वाढत असताना दोन्ही अॅक्सलचे रोलर फिरवायला ताकद लागते, ती सॉफ्टवेअर हिशेबात धरतं. सेटिंग दोन चाकांचं राहिलं तर आलेख दिसायला सुबक येतो आणि आकडा चुकतो.

मधल्या डिफरन्शियलची ओळख करून घ्या

इथे घाई करू नका, कारण इथे चुकलं तर नुसता आकडा बिघडत नाही, गाडीही बिघडते.

जुन्या मॅन्युअल सुबारू डब्ल्यूआरएक्समध्ये मधलं डिफरन्शियल व्हिस्कस कपलिंगचं असतं. पुढच्या-मागच्या वेगात फरक पडला की आतलं सिलिकॉन द्रव तापतं आणि कपलिंग आवळतं. हा फरक मिनिटभर टिकला तर कपलिंगचं आयुष्य तिथेच संपू शकतं. ऑडीच्या इंजिन उभं बसवलेल्या बऱ्याच क्वाट्रो मॉडेलमध्ये टॉर्सेन असतं. ते गिअरच्या घर्षणावर चालतं आणि बंद करायचं बटण त्याला नसतं. अशी गाडी दोन चाकांच्या डायनोवर चढवायचीच नाही. जमिनीवर असलेली चाकं तिला रोलरवरून उडी मारायला लावतील.

हॅल्डेक्स कपलिंगच्या गाड्या, म्हणजे गोल्फ आर किंवा ऑडी एस३, मुळात पुढच्या चाकांवर चालतात आणि गरजेप्रमाणे मागच्यांना जोडून घेतात. निसान स्कायलाइन जीटी-आरमधली अटेसा ई-टीएस याच्या उलट: मूळ ताकद मागे, पुढची चाकं क्लचमधून. मित्सुबिशी लान्सर इव्होच्या सातव्या पिढीपासून अॅक्टिव्ह सेंटर डिफरन्शियल आलं, त्यात टारमॅक, ग्रॅव्हल आणि स्नो असे मोड आहेत. सुबारू एसटीआयच्या डीसीसीडीला, म्हणजे चालकाला आवळता येणाऱ्या मधल्या डिफरन्शियलला, हाताने फिरवायची चकतीच आहे.

मोड बदलता येत असेल तर एक मोड ठरवा, वहीत लिहा आणि शेवटच्या रनपर्यंत (रन म्हणजे रोलरवरची एक मोजणी) हात लावू नका. कोणता मोड 'योग्य' यावर गॅरेजमध्ये तासभर वाद होऊ शकतो. तुलना करायची असेल तर तो कायम एकच असणं पुरेसं आहे.

फ्यूज काढून किंवा प्रॉपेलर शाफ्ट उतरवून गाडी दोन चाकांवर आणण्याची युक्ती काही गाड्यांत चालते. ती तुमच्याच मॉडेलला चालते याची सर्व्हिस मॅन्युअलमधून खात्री झाल्याशिवाय करू नका. आणि केली, तर तो आकडा चार चाकांच्या आकड्याशी ताडून बघू नका, कारण मधल्या निम्म्या यंत्रणेत वाया जाणारी ताकद (हेच पुढे 'नुकसान') हिशेबातूनच गेलेली असते.

एबीएस, ट्रॅक्शन आणि स्टॅबिलिटी कंट्रोल हा वेगळा पाहुणा. चाकं फिरतायत, पण गाडी पुढे जात असल्याचं सेन्सरला जाणवत नाही, असं दिसलं की काही गाड्या गुपचूप थ्रॉटल बंद करतात. डॅशबोर्डवरचं बटण दाबून सगळं बंद होईलच असं नाही. काही गाड्यांत वेगळा डायनो मोड असतो, तो मॅन्युअलमध्ये शोधा.

घरून निघण्याआधी

चारही टायर एकाच मापाचे, एकाच कंपनीचे आणि सारखेच झिजलेले हवेत. सुबारू चारही टायरच्या परिघात पाव इंचापेक्षा, म्हणजे सुमारे ६ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको म्हणते. त्यामागचं कारण डायनोवर लख्ख दिसतं. जोडलेल्या रोलरवर चारही टायरचा पृष्ठभाग एकाच वेगाने धावतो. मागचे टायर लहान असतील तर मागचा अॅक्सल जास्त फेरे घेतो आणि मधलं डिफरन्शियल पूर्ण रनभर झगडत राहतं. एका अॅक्सलने रोलर ढकलायचा आणि त्याच रोलरने दुसरा अॅक्सल ओढायचा, अशी ताकद गोल फिरत राहते. म्हणूनच जोडलेल्या रोलरवर पडद्यावर दिसणारी 'पुढे इतके टक्के, मागे इतके टक्के' ही वाटणी मी बघतही नाही. दोन्हींची बेरीज तेवढी कामाची.

हवा टायर गार असताना भरा आणि आकडा लिहा. खाचांतले खडे काढा. ताशी दोनशेच्या वेगाने सुटलेला खडा गोळीसारखा जातो. टायर जुना किंवा तडे गेलेला असेल, किंवा रनच्या शेवटी येणारा वेग टायरच्या स्पीड रेटिंगच्या वर जात असेल, तर त्या दिवशी डायनो नको.

इंधन सगळ्या रनसाठी एकच. ऑक्टेन बदललं तर ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या संगणकाला, जुळवून घ्यायला वेळ लागतो, त्यामुळे डायनोच्या दाराशी टाकी भरू नका. एक-दोन दिवस आधी भरा आणि गाडी चालवा. प्लग, एअर फिल्टर, बूस्टचे (टर्बोने दाबलेल्या हवेचे) पाइप, क्लॅम्प हे आधी तपासा. गळका बूस्ट पाइप बेसलाइनला, म्हणजे बदल करण्याआधीच्या मोजणीत, असेल आणि नवा पार्ट बसवताना तो घट्ट झाला, तर वाढलेल्या ताकदीचं श्रेय पार्टला मिळतं.

बांधणी

अॅक्सल रोलरच्या बरोबर माथ्यावर, नाहीतर जोडरोलर असतील तर दोहोंच्या मधोमध यायला हवा. व्हीलबेसप्रमाणे रोलर सरकवल्यावर हे पुढे आणि मागे दोन्हीकडे डोळ्यांनी बघा. मग पट्टे.

पट्टा जितका जास्त आवळाल तितका टायर रोलरवर दाबला जातो, आणि दाबलेला टायर ताकद खातो. सैल सोडला तर टायर घसरतो किंवा गाडी हलते. म्हणजे रॅचेटची दोन-चार वळणंसुद्धा आकडा हलवतात. उपाय साधा आहे: पट्टे कुठे अडकवले त्याचा फोटो काढा, ताणलेल्या पट्ट्यावर खडूने खूण करा आणि सस्पेन्शन किती दबलं ते चाकाच्या कमानीपासून हबच्या मध्यापर्यंत टेपने मोजा. पुढच्या वेळी तेच माप आलं की बांधणी जुळली.

पंखा बहुतेक जण पुढच्या जाळीसमोर लावून मोकळे होतात. बॉनेटवर स्कूप आणि त्याखाली इंटरकूलर असलेल्या गाडीला त्याचा उपयोग अर्धाच. स्कूपमध्ये हवा जाईल असा दुसरा पंखा मागा. बॉनेट उघडं ठेवायचं की बंद, तेही एकदाच ठरवा. एक्झॉस्टचा धूर बाहेर नेणारा पाइप आणि हाताशी अग्निशामक नसेल तर तिथून गाडी परत न्यायला लाजू नका. रन चालू असताना गाडीच्या सरळ रेषेत, पुढे किंवा मागे, कुणीही उभं राहायचं नाही.

रन कसा घ्यायचा

मॅन्युअल गाडीत ज्या गिअरचं गुणोत्तर एकास एकच्या सर्वांत जवळ आहे तो घ्या. बऱ्याचदा तो चौथा असतो. मग सगळे रन त्याच गिअरमध्ये. ऑटोमॅटिकमध्ये किकडाउन टाळा आणि टॉर्क कन्व्हर्टर लॉक झालाय का ते बघा.

सुरुवातीला हलक्या भारावर दहा-पंधरा मिनिटं रोलरवर चालवा. इंजिन तर तापलेलं असतं, पण गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचं तेल उशिरा तापतं, आणि ऑल-व्हील ड्राइव्हमध्ये ते तेल जास्त जागी असतं. गार तेल घट्ट, म्हणून नुकसान जास्त. पहिल्या रनपेक्षा दुसरा चांगला येतो तो बऱ्याचदा यामुळेच. पुढे तिसऱ्या-चौथ्या रनला इंटरकूलर तापून ताकद उतरू लागते. या दोन ओढी उलट दिशांच्या आहेत, आणि त्यांच्यामध्ये कुठेतरी तुमची खरी गाडी आहे.

म्हणून रन घड्याळावर घेऊ नका, तापमानावर घ्या. इनटेकमधल्या हवेचं तापमान, कूलंट आणि जमल्यास इंजिन ऑइल यांचे आकडे ठरवा, आणि प्रत्येक रन त्याच आकड्यांवर सुरू करा. इनटेकच्या हवेत दोन-तीन अंशांपेक्षा जास्त फरक असेल तर थांबा. ऑपरेटर घाई करेल, करू द्या.

लोड डायनोवर रॅम्पचा वेळ, म्हणजे किती सेकंदांत आरपीएम खालून वर न्यायचे, हा आकड्याइतकाच महत्त्वाचा. टर्बो गाडीत सावकाश रॅम्पला बूस्ट लवकर चढतो, फिरणारे भाग वेगात आणायला कमी ताकद खर्च होते, आणि आलेखाचं पोट फुगतं. वेगवान रॅम्पला उलटं. दोन्ही बरोबर, पण एकमेकांशी तुलना करण्याजोगे नाहीत. सुरुवातीचे आरपीएम, शेवटचे आरपीएम आणि रॅम्प लिहून घ्या. आलेखाचं स्मूदिंग किती ठेवलंय तेही.

प्रत्येक रनसोबत गाडीचा लॉग हवाच: आरपीएम, थ्रॉटल, बूस्ट, इग्निशन टायमिंग, नॉकमुळे (इंधन अवेळी पेटल्यामुळे) मागे घेतलेलं टायमिंग, हवा-इंधन प्रमाण, इनटेक तापमान आणि चारही चाकांचा वेग. लॉगशिवायचा डायनो-आलेख म्हणजे कारण न सांगता दिलेले मार्क. ताकद पडली तेव्हा थ्रॉटल बंद झालं होतं की टायमिंग मागे गेलं होतं, हे आलेख कधीच सांगत नाही.

लॉगचा आणखी एक उपयोग. एका गिअरमध्ये इंजिनचे आरपीएम आणि रोलरचा वेग यांचं गुणोत्तर पूर्ण रनभर जवळपास स्थिर राहायला हवं. भर टॉर्कला ते एकदम बदललं तर काहीतरी घसरतंय. काय, ते चाकांच्या सेन्सरवरून कळतं: आरपीएम वाढले पण चाकाचा वेग तेवढा वाढला नाही तर क्लच, चाक आणि आरपीएम एकमेकांना धरून आहेत पण रोलर मागे पडतोय तर टायर.

डगमग मोजा

आता मुद्द्याचं. बेसलाइनचे निदान तीन रन घ्या, सारख्या तापमानावर. समजा २४८, २५१ आणि २४९ हॉर्सपॉवर आले. सरासरी २४९.३, पसारा ३. बहुतेक लोक इथे खूश होऊन पाने काढतात. थांबा. गाडी पट्ट्यांतून सोडा, रोलरवरून उतरवा, पुन्हा चढवा, पुन्हा बांधा आणि आणखी तीन रन घ्या. आता २४५, २४७, २४६ आले तर तुमची खरी डगमग तीनची नसून सहाची आहे. एकाच बांधणीतले रन एकमेकांशी जुळतात ते सगळ्यांची चूक एकच असल्यामुळेही.

मग इनटेक बसवून २५३, २५०, २५२ आले, सरासरी २५१.७. कागदावर २.४ वाढले. पण नुसत्या पुन्हा बांधण्याने गाडी ३.३ हॉर्सपॉवर हलते, तेव्हा या २.४ वर एक रुपयाही लावू नये. डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्ट पाइप) आणि रिमॅपनंतर (ईसीयूची सेटिंग बदलल्यावर) २८१, २८३, २८२ आले तर वाद संपला. तिथे डगमग किती हे विचारायचीही गरज नाही.

लहान वाढ खरंच पकडायची असेल तर जुनं-नवं-जुनं असा क्रम ठेवा. आधी मूळ पार्ट, मग नवा, मग पुन्हा मूळ. शेवटचा मूळचा आकडा पहिल्याशी जुळला तरच मधला आकडा पार्टचा. जुळला नाही तर दिवसभरात दुसरंच काही बदललंय. आणि एका वेळी एकच पार्ट. एकाच दिवशी इनटेक, एक्झॉस्ट आणि हलकी चाकं बसवून आलात तर डायनो तुम्हाला त्यांची वेगळी बिलं देणार नाही. हलक्या चाकांचं तर विशेष: इनर्शिया डायनोवर ती ताकद वाढल्यासारखी दिसतात, इंजिन मात्र तेच असतं.

करेक्शन आणि एककं

हवा गरम असली किंवा दाब कमी असला की इंजिनला कमी ऑक्सिजन मिळतो. करेक्शन फॅक्टर तो फरक भरून काढायचा प्रयत्न करतो. एसएई जे१३४९ या मानकाचा आधार २५ अंश सेल्सिअस आणि ९९० मिलिबार कोरा दाब, म्हणजे हवेच्या दाबातून बाष्पाचा वाटा वगळून उरलेला. फॅक्टर असा: १.१८ गुणिले (९९० भागिले मोजलेला कोरा दाब) गुणिले वर्गमूळ (तापमान अधिक २७३, भागिले २९८), वजा ०.१८. दाब तोच ठेवून हवा ३५ अंश केली तर फॅक्टर सुमारे १.०२ येतो. तापमान २५ अंशच राहून दाब ९५० मिलिबार झाला तर १.०५. म्हणजे मोजलेल्या २५० चे छापील २६२.

जुन्या एसटीडी पद्धतीचा आधार याहून गार आणि दाट हवा, त्यामुळे त्याच रनचा आकडा साधारण चार टक्के मोठा दिसतो. त्यात हॉर्सपॉवर ७४५.७ वॅटचा आणि पीएस ७३५.५ वॅटचा. दोन्हीकडचं सोयीचं निवडलं की पार्ट न बसवताही ताकद 'वाढते'. प्रिंटवर पद्धत आणि एकक लिहिलेलं नसेल तर विचारून हाताने लिहा.

टर्बो गाडीत मी करेक्शनकडे जास्तच संशयाने बघतो. ईसीयू ठरलेला बूस्ट गाठायला वेस्टगेट (बूस्ट आवरणारी झडप) स्वतःच सांभाळतो, म्हणजे पातळ हवेची भरपाई तो बरीचशी आधीच करून बसलेला असतो. वरून पूर्ण करेक्शन लावलं की भरपाई दोनदा होते. म्हणून करेक्शन न लावलेला आकडा आणि हवेचं तापमान, दाब, आर्द्रता या सगळ्याची फाइल घेऊनच निघा. डायनोचा हवामान सेन्सर कुठे ठेवलाय तेही बघा. एक्झॉस्टच्या झळेत असेल तर प्रत्येक रनला फुकटचे हॉर्सपॉवर.

चाकावरचा आकडा चाकावरच राहू द्या. 'ऑल-व्हील ड्राइव्ह, म्हणून २५ टक्के जोडा' हा हिशेब मला कधी पटला नाही. तेल ढवळण्याचं नुकसान मुख्यतः वेगावर अवलंबून, गिअरच्या दातांचं भारावर. इंजिनची ताकद दुप्पट केली म्हणून सगळं नुकसान दुप्पट होत नाही. काही डायनो रननंतर क्लच दाबून रोलर आपोआप थांबू देतात आणि त्यावरून नुकसान काढतात. ते ठोकळ टक्क्यापेक्षा बरं, पण त्या वेळी गिअरवर भार नसतो, त्यामुळे भाराखालचं नुकसान त्यातून सुटतं.

आरपीएम कुठून घेतले तेही तपासा. रोलर डायनो ताकद रोलरवरच्या बल आणि वेगावरून काढतो, आणि इंजिनचा टॉर्क त्या ताकदीला आरपीएमने भागून. किलोवॅट गुणिले ९५४९ भागिले आरपीएम म्हणजे न्यूटन-मीटर. आरपीएमचं सिग्नल चुकलं तर ताकदीचा शिखर-आकडा बरोबर आणि टॉर्क भलताच, असं होतं.

रस्त्यावर ताडून बघायचं तर बंद ट्रॅकवर, तिसऱ्या गिअरमध्ये ठरलेल्या आरपीएमपर्यंत लागणारा वेळ लॉगवरून काढा, आणि तोच पट्टा दोन्ही दिशांनी घ्या. दोन्ही दिशा का, तर १५०० किलोच्या गाडीला एक टक्का चढावर १४७ न्यूटन मागे ओढतात. ताशी शंभरच्या वेगाला ते चार किलोवॅट, म्हणजे साडेपाच हॉर्सपॉवर. डोळ्यांना तो चढ दिसतही नाही.

निघण्याआधी गाडी पाच मिनिटं हलकी चालवून गार करा. काढलेला फ्यूज परत लावा, डिफरन्शियलचा मोड आणि ट्रॅक्शन कंट्रोल पूर्ववत करा, हब डायनो असेल तर चाकांचे नट टॉर्क रेंचने घट्ट करा. गाडीखाली वाकून ट्रान्स्फर केस आणि मागच्या डिफरन्शियलजवळ जळक्या तेलाचा वास येतो का बघा. आला, तर त्या दिवसाचे सगळे रन बाजूला ठेवा आणि आधी तेल बदला.